ढवळीची भूक

मित्रांनो, मी येळ्ळूरच्या जयाबाईच्या परसातली एक जुनी कोंबडी आहे. किती जुनी, ते विचारू नका. माझ्या बरोबरीच्या सगळ्या केव्हाच रश्श्यात गेल्या. मी तेवढी उरले, कारण मी खुडूक चांगली बसते. शहरातल्या मुलांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. खुडूक बसायचं म्हणजे अंडी पोटाखाली घ्यायची, तीन आठवडे जागचं हलायचं नाही, दाणापाण्यापुरतं उठायचं आणि कुणी जवळ आलं की अंग फुलवून टोचायचं. या कामात अख्ख्या गल्लीत माझा हात कुणी धरणार नाही. कोंबडीला हात नसतो, पण म्हणायची पद्धत आहे. बायका आपापली अंडी पदराखाली झाकून माझ्याकडे घेऊन येतात.

माझा स्वभाव थोडा तिखट आहे, आणि काळजी करण्याची खोड तर जन्माचीच. ढगाची सावली पडली तरी मला घार आल्यासारखं वाटतं. जयाबाईचा मुलगा भावकू मला ‘फौजदारीण’ म्हणतो. म्हणू दे बापडा! ज्याची पिलं जातात त्यालाच ते कळतं. आज मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोर तुम्हाला सांगणार आहे. तो एका पोरीचा आहे, आणि ती पोर मी घातलेल्या अंड्यातली नव्हे. पण तिच्या काळजीनं माझी जेवढी पिसं झडली, तेवढी पोटच्या पोरांनी कधी झडवली नाहीत.

आधी घरचं सांगते. भावकू आणि त्याची बायको दोघंही सकाळी डबा घेऊन बेळगावला कामाला जातात. दिवसभर परसात आम्ही दोघी म्हाताऱ्या, जयाबाई आणि मी. शाळा सुटली की भावकूची मुलगी ऋतिका येते. ती तिसरीत आहे. मागच्या पावसाळ्यात या ऋतिकाचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली. दुखणं काही थांबेना. शेवटी बेळगावच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायच्या बेतात आहे, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. त्या दिवशी जयाबाई आमचं खुराडं उघडायचीसुद्धा विसरली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं माळावरच्या लक्ष्मीला बोलून टाकलं, ‘आई, पोर चालत घरी येऊ दे. माझ्या दारात वाढलेलं जितं पाखरू तुझ्या दारात सोडीन.’

आमच्याकडे ही रीत आहे. देवीला सोडलेलं पाखरू कुणी कापत नाही. ते देवळाच्या अंगणात फिरतं, चिंचेच्या झाडावर झोपतं, लोक त्याला दाणे घालतात. ऋतिका चालत घरी आली. आता चैत्रातल्या जत्रेला नवस फेडायचा होता.

दिवाळी झाली आणि मी खुडूक बसले. माझी पिलं कवचातून बाहेर आली त्याच दिवशी शेजारच्या साईराजच्या शेडात पिलांच्या पेट्या उतरल्या. साईराजचं शेड आमच्या परसाच्या भिंतीला लागून आहे. एक कंपनी त्याला पिलं देते, खाद्य देते, आणि दीड महिन्यात गाडी येऊन कोंबड्या भरून नेते. दुकानात जाळीमागे बसलेल्या पांढऱ्या बॉयलर कोंबड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्याच त्या. साईराज एक पिलू मुठीत धरून भिंतीपाशी आला.

“आक्का, ह्ये एक मऊ हाय बगा. गर्दीत तुडवून मरंल. तुमची फौजदारीण घेतीया का बगा.”

दिवेलागणीला जयाबाईनं ते माझ्या पंखाखाली सरकवलं. अंधारून आलं की कोंबडीला आपलं-परकं कळत नाही, असं बायकांना वाटतं. न कळायला काय झालं? त्या पिलाला औषधाचा वास होता. पण ते गारठलं होतं, चिवचिवत होतं आणि माझ्या पोटात घुसत होतं. एकदा पोटाखाली आलं की ते आपलं. मी पंख मिटला.

ऋतिकानं तिचं नाव ढवळी ठेवलं. आठवडा झाला नाही तोच ढवळी माझ्या बाकीच्या पिलांच्या दुप्पट दिसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या पंखाखाली मावेना. मान आत आणि पाठ बाहेर, अशी झोपायची. महिना झाला तेव्हा ती जवळजवळ माझ्याएवढी होती, आणि आवाज मात्र तान्ह्या पिलाचा! गल्ली बघायला लोटली. पलीकडची मनुबाई गालावर हात ठेवून म्हणाली, “जयाबाई, काय घालतीस गं हिला? आमच्या कोंबड्या तीन म्हैन्यात एवढ्या हुईत न्हाईत.”

पोरानं अंग धरलं की आईची छाती फुगते. माझीही फुगली. ऋतिका शाळेच्या डब्यातली पोळी वाचवून आणायची, जयाबाई कण्या घालायची, साईराज शेडातलं खाद्य भिंतीवरून ओतायचा. ढवळी सगळं संपवायची आणि अजून मागायची. घरात जो तो तिला ‘खा, बाई, खा’ म्हणत होता.

पण मित्रांनो, आईच्या डोळ्यांना काही गोष्टी आधी दिसतात. माझी बाकीची पोरं उकिरडा उकरायची, एकमेकांना ढकलायची, कुंपणावर उडून बसायची. ढवळी बसून खायची. खरंच बसून. ताटलीपाशी पोट टेकायची, मान तेवढी हलवायची. मी तिला उकरायला शिकवलं. तिनं एक पाय उचलला आणि ती कलंडली. उन्हं जरा वर आली की चोच उघडून धापा टाकायची. बसून बसून तिच्या छातीवरची पिसं गेली आणि खालची कातडी लाल झाली. मला घास गोड लागेना. मी भिंतीवर चढून साईराजच्या शेडात डोकावले. आत सगळ्या तिच्याच वयाच्या, आणि सगळ्या बसलेल्या. साईराज रोज सकाळी बादली घेऊन आत जायचा आणि मेलेल्या उचलून बाहेर आणायचा. तो कोंबड्यांशी वाईट वागत नाही. पंखे लावतो, पाणी बदलतो. तरी बादली रिकामी येत नव्हती.

मग घारीचा दिवस आला. मी ‘कर्रर्र’ केलं. आमच्यात त्याचा अर्थ एकच: जीव घेऊन पळा. सगळी पोरं शेवग्याच्या बुंध्याशी लाकडांच्या मोळीत घुसली. ढवळी परसाच्या मधोमध होती. ती उठली, चार पावलं आली, पाय फाकले आणि ती तिथंच बसली. माझ्याकडे बघत राहिली. तिला कळत होतं हो! पळायचं तिला कळत होतं, पाय तेवढे ऐकत नव्हते. मी उलटी धावले आणि पंख पसरून तिच्या अंगावर उभी राहिले. घारीचा वारा माझ्या मानेला लागला. तेवढ्यात जयाबाईनं घरातून झाडू भिरकावला आणि “हाऽऽड!” करून ओरडली. घार गेली. 

आणि हे सगळं चाललं असताना जयाबाईनं काय केलं असेल? ढवळीला हळद लावली!

तिचंही चुकलं कसं म्हणू? देवीला द्यायचं ते चांगल्यातलं द्यायचं, अशी आमच्या गावची माणसं. केळीचा घड द्यायचा तर सगळ्यात मोठा, नारळ द्यायचा तर सगळ्यात जड. परसात सगळ्यात मोठं, पांढरंशुभ्र, डाग नसलेलं पाखरू कोणतं? ढवळी. माझी एखादी तांबडी, चपळ पोर दिली असती तर ती चिंचेवर दहा वर्षं नांदली असती. पण तिच्याकडे बघतंय कोण? जयाबाईनं पाटावर बसून ढवळीच्या पाठीवर हळद-कुंकू वाहिलं, गल्लीतल्या बायकांना बोलावून साखर वाटली. हळद लागली की पाखरू देवीचं होतं. मग ते बदलता येत नाही. आणि ते जत्रेआधी मेलं, तर ज्याच्यासाठी नवस केला त्याच्यावर अरिष्ट येतं, असं म्हणतात. म्हणजे ऋतिकावर. आता ढवळीच्या जिवाचा घोर मला एकटीला राहिला नाही.

पहिल्यांदा भावकूच्या ते लक्षात आलं. एका रविवारी तो परसात तोंड धूत होता. ढवळी उन्हातून सावलीत येताना मध्येच बसली आणि तिचा तुरा निळा पडला.

“आई, हिचं काय खरं दिसंना,” तो हळू आवाजात म्हणाला. “जत्रेपतोर टिकंल न्हवं?”

“वंगाळ बोलू नको रं,” जयाबाई म्हणाली. पण तिच्या हातातला तांब्या खाली आला.

दोन दिवसांनी आमच्या गोठ्यातल्या म्हशीला सुई द्यायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. लतिका त्यांचं नाव, बेळगावात टिळकवाडीला राहतात. म्हशीचं झाल्यावर जयाबाईनं त्यांना ढवळी दाखवली. बाईंनी तिला मांडीवर घेतलं, पायांचे सांधे दाबले, पोट चाचपलं, छातीला कान लावला. मी त्यांच्या चपलेजवळ उभी राहून टोचायच्या तयारीत होते.

“आजी, हिला खायला कमी घाला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“निम्म्याहून कमी. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. मधे नुसता पाला. आणि दाणे एका जागी घालू नका, लांब लांब टाका. चालू दे तिला.”

जयाबाई म्हणाली, “बाई, माझ्या दारातनं कुत्रं बी उपाशी जाईत न्हाय. ह्ये तर देवीचं पाखरू.”

लतिकाबाईंनी ढवळीला खाली ठेवलं. “आजी, हिच्या जातीची निवड माणसांनीच केली आहे. जे पिलू लवकर वाढेल त्याचीच पिढी पुढे न्यायची, असं किती तरी वर्षं केलं. मांस भराभर वाढतं, पण हाडं आणि काळीज त्या वेगानं वाढत नाहीत. हिचे पाय अजून पिलाचे आहेत आणि त्यांच्यावर ओझं मोठ्या कोंबडीचं. काळीज एवढ्या अंगाला रक्त पुरवता पुरवता दमतं. म्हणून तुरा निळा पडतो, म्हणून धाप लागते. पुढे पोटात पाणी होईल.”

“मग औषध द्या की.”

“याला औषध नाही. शेडातल्या दीड महिन्यात जातात, त्यामुळे पुढचं कुणी बघत नाही. हिला तुम्हाला चैत्रापर्यंत न्यायचं आहे. पोटभर घातलं तर ही जगणार नाही. आणि कमी घातलं तर उपाशी राहील, ओरडेल, कारण हिची भूकही माणसांनीच वाढवून ठेवली आहे. सोपं नाही, मी सांगते. तुम्हीच काय ते ठरवा.”

बाई गेल्या. जयाबाई जोत्यावर बसली आणि माझ्याशी बोलायला लागली. तिला ती सवय आहे.

“दवाखान्यात ऋतिकीला तोंडानं काय द्यायचं न्हाय म्हणून सांगिटलंतं. चार दिस. पोरगी ‘आज्जी, पाणी दे, भात दे’ म्हणून माझा पदर सोडत न्हवती. मी न्हाय दिला. भिताडाकडं तोंड करून बसले, पर न्हाय दिला.” मग डोळे पुसून म्हणाली, “चल गं, फौजदारीण. हिचं बी तसंच करू.”

दुसऱ्या दिवसापासून ढवळीचे उपास सुरू झाले. सकाळची मूठ जयाबाई परसभर उधळायची. ढवळी रडत रडत एकेका दाण्यामागे चालायची. मूठ संपायची, भूक संपायची नाही. मग ती ओरडायला लागायची. तिचं ते केकाटणं, मित्रांनो, कानात खिळा ठोकल्यासारखं वाटायचं. ती जयाबाईच्या पायात यायची, ऋतिकाच्या दप्तरात चोच घालायची, शेवटी माझ्यापाशी यायची. आई ना मी!

आणि माझी पंचाईत तर विचारूच नका. कोंबडीला किडा सापडला, दाणा सापडला की ती ‘कुक्‌कुक्‌’ करून पोरांना बोलावते. आधी पोरांना, मग स्वतःला. माझ्या आईनं मला तसंच वाढवलं. ती हाक आम्ही ठरवून घालत नाही, ती घशातून आपोआप येते. पण मी ‘कुक्‌’ केलं की सगळ्यात आधी ढवळी धापा टाकत यायची. तिच्या धापेनंच माझं काळीज चिरत होतं. तेव्हा मी हाक घशात गिळायला शिकले. वाळवीची चांगली जाड रांग सापडायची आणि मी मुकी उभी राहायची. बाकीची पोरं माझ्याकडे टकमक बघायची. त्यांना वाटलं असेल, म्हातारी चळली.

गल्लीतही बोभाटा झाला. “देवीच्या पाखराला उपाशी मारती म्हातारी,” असं नळावर बायका बोलायला लागल्या. मनुबाईला तर राहवेना. ती दुपारी जयाबाई आडवी झाली की भिंतीवरून भाताचं भगुणं पालथं करायची. “खा गं लेकरा,” म्हणून डोळ्याला पदर लावायची. बाई मनानं लोण्याची आहे, पण मला तिला टोचावंसं वाटायचं. भाताचा वास आला की ढवळी जड पाय ओढत निघायची. मग मी धावायची. तिच्याआधी पोहोचायची आणि पोरांना घेऊन तो सगळा भात गिळायची. गिळून गिळून माझा गळा भोपळ्यासारखा व्हायचा. मनुबाई वरून ओरडायची, “अगं ए, हावरट! पोरीच्या तोंडचा घास खातीस व्हय? आई हाईस का कोण?” बोलता आलं असतं तर मी तिला चांगली दोन वाक्यं ऐकवली असती.

हळूहळू फरक दिसायला लागला. ढवळीचं वाढणं मंदावलं. छातीवर बारीक बारीक पिसं आली. ती परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न बसता यायला लागली. एकदा तिनं चक्क उकिरडा उकरला आणि त्यातून काहीच निघालं नाही तरी मला केवढा आनंद झाला! मधल्या काळात साईराजच्या शेडाला गाडी आली. तिच्याबरोबरच्या सगळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडून काहीच आवाज येईना. आमच्या बाजूला ती तेवढी ओरडत होती.

रोज सकाळी खुराडं उघडायच्या आधी मी तिला चोचीनं ढोसायची. उठली की मग माझा दिवस सुरू व्हायचा. जयाबाई दार उघडून आधी मला नाही, पोरांना नाही, तिलाच बघायची. भावकू कामाला जाताना विचारायचा, “हाय न्हवं?” आणि “हाय” ऐकल्यावर गाडीला किक मारायचा. अख्खं घर तिच्या धापेकडे कान लावून होतं.

असं करत करत चैत्र आला.

जत्रेच्या दिवशी ढवळीला डालग्यात, म्हणजे कोंबड्या न्यायच्या टोपलीत घातलं. ती ओरडायला लागली म्हणून सोबतीला मलाही आत घातलं. ऋतिकाला नवा परकर-पोलका होता. माळावर ही गर्दी! ढोल, पिपाण्या, पेढ्यांची दुकानं. देवळाचे पुजारी मारुतीराव म्हणजे ओळखीचा माणूस. त्यांनी ढवळीवर पाणी शिंपडलं, देवीपुढचा अंगारा लावला आणि तिला अंगणात सोडलं. “नवस फिटला, आक्का,” ते म्हणाले. जयाबाईनं दोन्ही हात जोडले. भावकूनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी डालग्याच्या जाळीतून बघत होते.

अंगणात नैवेद्याचा नुसता खच पडला होता. भाताचे मुटके, पोळ्या, गूळ-खोबरं. सोडलेली गावठी पाखरं पोट भरून चिंचेवर जाऊन बसली होती. माझी ढवळी किती महिन्यांची भुकेली! ती त्या भाताकडे गेली आणि खायला लागली. येणारा-जाणारा म्हणायचा, “बगा, देवीचं पाखरू कसं खातंय!” आणि तिच्यापुढे अजून एक मूठ टाकायचा. लहान पोरं टाकत होती, म्हाताऱ्या टाकत होत्या. सगळे मायेनं टाकत होते. मी जाळीला चोच मारत ओरडत होते. माझं ओरडणं त्या ढोलात कुणाला ऐकू जाणार?

ढवळी खात खात बसली. मग तिनं मान लांब केली. चोच उघडली. तुरा आधी निळा आणि मग काळा पडला, आणि ती एका अंगावर कलंडून पाय झाडायला लागली.

“आज्जी!” ऋतिका किंचाळली.

जयाबाई त्या वयात कशी धावली, कुणास ठाऊक. तिनं ढवळीला उचललं, चिंचेच्या सावलीत नेलं, चोचीत पाण्याचे थेंब सोडले, पदरानं वारा घालत राहिली. गर्दी गोळा झाली.  भावकू एकदा कोंबडीकडे बघे आणि एकदा ऋतिकाकडे. बऱ्याच वेळानं ढवळीच्या छातीचा भाता जरा संथ झाला. तिनं डोळे उघडले, आणि डोळे उघडल्या उघडल्या भाताकडे मान वळवली.

जयाबाईनं ते पाहिलं. तिनं ढवळीला पदरात घेतलं आणि ती उठली.

“आक्का, हळद लागलेलं पाखरू माघारी न्हेऊ ने म्हंत्यात,” मारुतीराव घाबरून म्हणाले.

“म्हाईत हाय मला.”

“आई, असलं काय करू नको गं,” भावकूचा आवाज फुटला. “पोरीच्या नावचं हाय त्ये. तिला काय झालं तर?”

 जयाबाईला भीती वाटत नव्हती, असं समजू नका. डालग्याजवळून जाताना तिच्या पदराचं टोक मला लागलं, ते थरथरत होतं. ती तशीच देवीपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“आई, जितं पाखरू सोडीन म्हणून मी बोललेली. सोडाय आले. पर हितं सोडलं तर ह्ये जितं ऱ्हाणार न्हाय. हितं सगळीच माया करणार, मूठ मूठ घालणार, आणि ही उद्याच्या उन्हाला मरणार. मेलेलं पाखरू तुझ्या गळ्यात घालून मी नवस फिटला म्हणू व्हय? ह्ये तुझंच हाय. त्येची भूक तेवढी मी सांभाळते. राग आला तर माझ्यावर काढ. माझ्या पोरीच्या वाटंला जाऊ नको.”

 मारुतीरावांनी देवीकडे बघितलं. मग देवीपुढचं एक फूल उचलून जयाबाईच्या पदरात, ढवळीच्या पाठीवर ठेवलं.  परत येताना भावकूनं ऋतिकाचा हात घर येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी जयाबाईनं ढवळीला रोजची मूठ घातली. ती संपली, आणि ढवळीनं तोंड उघडलं. अशी ओरडली, अशी ओरडली! भावकू ताटावरून उठून परसदारी आला.

“आई, वाईच घाल की गं तिला. ऐकवत न्हाय.”

जयाबाईचं स्वतःचं ताट तिच्यापुढे तसंच होतं. ती म्हणाली, “ओरडू दे. ओरडायलीया म्हंजे हाय.” मग ढवळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ओरड गं बाई, ओरड.”

मित्रांनो, पावसाळा तोंडावर आला आहे. ऋतिका ठणठणीत आहे, दिवसभर गल्लीत हुंदडते. ढवळीही आहे. किती दिवस आहे, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. चिकन खाऊ नका, असं तुम्हाला सांगायला मी खुळी नाही. माणसाच्या दारातली कोंबडी आहे मी, माझा शेवट मला माहीत आहे. पण जितके दिवस आम्ही जगतो तितके दिवस आम्हाला आमच्या पायांवर उभं राहता येऊ द्या. पाय पेलतील एवढंच अंग आम्हाला द्या, काळजाला झेपेल एवढीच घाई करा. ढवळीसारख्यांना माणसांनी असं घडवलं, तर माणसांनाच ते सुधारताही येईल. तुमच्यातलं कुणी शिकून हे काम हाती घेणार असेल, तर लवकर घ्या. पलीकडच्या शेडात काल पुन्हा पेट्या उतरल्या आहेत.

दिवेलागण झाली आहे. ढवळी दांडीवर चढू शकत नाही, म्हणून मीही आता खाली भुशातच झोपते, तिच्या कुशीला. ती ओरडते आहे. मध्येच ती थांबली की माझा जीव खालीवर होतो. मग मी तिला चोचीनं हळूच ढोसते. ती पुन्हा ओरडली की मगच मी डोळे मिटते.